सीटी स्कॅन नॉर्मल आला, मग आकडे का उलटे दिसतात?

आषाढातल्या एका संध्याकाळी बडोद्यात दांडिया बाजाराकडे परतताना गाय आडवी आली आणि माझी स्कूटर घसरली. डोक्यावर हेल्मेट होतं. शुद्ध मिनिटभरच हरपली असेल, पण रिक्षात मला कोणी बसवलं ते आजही आठवत नाही. सीटी स्कॅन नॉर्मल आला. डॉक्टर म्हणाले, "मेंदूला सौम्य इजा आहे. एक-दोन दिवस विश्रांती घ्या, मग झेपेल तसं हळूहळू सुरू करा." घरच्यांनी त्यातलं 'नॉर्मल' तेवढं ऐकलं, आणि खरं सांगायचं तर मीही तेवढंच ऐकलं. चौथ्या दिवशी मकरपुऱ्याच्या ऑफिसात जाऊन बसले.

तुम्ही आत्ता त्याच टप्प्यावर असाल तर हे आधी समजून घ्या. सीटीत रक्तस्राव दिसतो, कवटीचं हाड मोडलं असेल तर तेही दिसतं. पण धक्क्यानंतर काही दिवस, कधी काही आठवडे पेशींचं काम मंदावतं, ते त्यात उमटत नाही. म्हणून रिपोर्ट चांगला आणि डोकं चालत नाही, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात. तुम्ही नाटक करत नाही आहात.

मी अकाउंट्समध्ये आहे. दर महिन्याच्या 20 तारखेपर्यंत जीएसटीचं 3बी रिटर्न, म्हणजे महिन्याच्या कराचं विवरणपत्र, भरायचं असतं, त्याच धास्तीनं मी घाईनं गेले होते. बिलावर 47,200 वाचायचे आणि मान वळवून स्क्रीनकडे बघेपर्यंत त्याचे 42,700 झालेले असायचे. एक बिल दोनदा चढवलं. ट्यूबलाइट डोळ्यांत घुसायची. शेजारच्या टेबलावरच्या बेन मायेनं विचारायच्या, "रिपोर्ट तो नॉर्मल छे ने?" आणि मला रडू फुटायचं. पूर्वी मी इतकी हळवी नव्हते. चिडचिड, रडू येणं, झोप बिघडणं हाही त्याच दुखण्याचा भाग असतो, हे मला फार उशिरा कळलं.

डॉक्टरांकडे परत गेले आणि त्यांच्याकडून चिठ्ठी घेतली. तुम्ही ती पहिल्याच भेटीत मागा. 'तब्येत बरी नाही' एवढ्यावर साहेबांना काहीच ठरवता येत नाही. माझ्या चिठ्ठीत स्पष्ट होतं: पहिला आठवडा रोज दोन तास, मग चार, दर अर्ध्या तासानं पाच मिनिटं डोळे मिटून बसणं, आकड्यांचं काम सकाळी, आणि ते दुसऱ्यानं तपासायचं. तास वाढवल्यावर डोकं थोडं जड झालं आणि तासाभरात उतरलं तर चालतं. दुसऱ्या दिवशीही उतरलं नाही, तर एक पायरी मागे यायचं. माझी सगळ्यात मोठी चूक हीच होती, की डोकं ठणकायला लागेपर्यंत मी थांबायचेच नाही. तीच ओळ दुसऱ्यांदा वाचावी लागली, की तिथंच उठायला हवं होतं.

सासूबाईंना वाटायचं, अंधाऱ्या खोलीत महिनाभर पडून राहावं. तसंही करू नका. मी रोज सकाळी कमाटीबागेत सावकाश चालायचे, त्यानं झोप सुधारली. वेदनाशामक गोळ्या मात्र रोज घेऊ नका; त्यांच्या अतिवापरानंच डोकेदुखी चिकटून बसते. डॉक्टर हो म्हणेपर्यंत दुचाकी चालवायची नाही. कारखान्यात प्रेसवर किंवा उंचीवर काम असेल तर तिथंही हाच नियम लावा, कारण बरं होण्याआधी डोक्याला पुन्हा मार बसणं फार धोक्याचं. आणि डोकेदुखी वाढतच गेली, वारंवार उलट्या झाल्या, फिट आली, हातापायातली शक्ती गेली किंवा माणूस नीट जागाच होईना, तर सकाळची वाट न बघता थेट इमर्जन्सीत जा.

बहुतेक जण काही आठवड्यांत, फार तर तीन महिन्यांत बरे होतात. त्यानंतरही लक्ष लागत नसेल तर न्यूरोसायकॉलॉजिस्टकडून तपासणी करून घ्या; स्मरणशक्ती नेमकी कुठे अडते, ते त्यातून कळतं.

नवरात्र आली तेव्हा मी पूर्ण वेळ काम करत होते. गरब्याला त्या वर्षी गेले नाही, लाउडस्पीकर अजून सोसत नव्हता. पण त्या महिन्याचं 3बी मीच भरलं. बेननी बेरजा तपासल्या, एकही खोडावी लागली नाही.