सगळ्या क्लिप शून्यापासून सुरू होतात तेव्हा

दारव्हा-दिग्रसकडच्या लग्नसराईत एका दिवशी दोन मांडव, दोन कॅमेरे, अन् कार्ड मध्येच फॉरमॅट. मग सी०००१ नावाच्या तीन फाइल होतात आणि तिन्हींचा टाइमकोड (फ्रेमवरची वेळ: तास, मिनिट, सेकंद, फ्रेम) ००:००:००:००. हार्डडिस्क बदलून रिलिंक केलं, म्हणजे फाइल पुन्हा जोडल्या, की डाविंची रिझॉल्व्ह (एडिटिंगचं सॉफ्टवेअर) हळदीच्या जागी जानोशाची पंगत लावून देतो.

१. दुपारी मांडवात पोचताच दोन्ही कॅमेऱ्यांचं घड्याळ मोबाइलवरून लावा.

२. रिझॉल्व्हच्या मीडिया पूलमध्ये, म्हणजे क्लिपच्या यादीत, क्लिपवर राइट क्लिक, क्लिप अ‍ॅट्रिब्यूट्स, मग टाइमकोड. तिथं शून्याऐवजी रेकॉर्डिंग सुरू झाल्याची खरी वेळ टाका, जसं १८:४२:१०:००. ही वेळ फाइलच्या 'मॉडिफाइड'मधून मिळते. मात्र बहुतेक वेळा ती रेकॉर्डिंग थांबल्याची असते, म्हणून क्लिपची लांबी वजा करा. कंटाळवाणं आहे, पण वरातीच्या पन्नास क्लिप डोळ्यांनी जुळवण्यापेक्षा बरं.

३. आता दोन्ही कॅमेऱ्यांच्या क्लिप टाइमकोडवर सिंक करा, म्हणजे वेळेनुसार जुळवा. सेकंदभराचा फरक राहिला तर डफड्याच्या ठोक्यावर वेव्हफॉर्म (आवाजाचा आलेख) जुळवा.

एखादा कॅमेरा सेकंदाला २९.९७ फ्रेमवर असेल तर आकड्यांत अर्धविराम दिसतो का पाहा. दिसला तर ड्रॉप फ्रेम, म्हणजे घड्याळाशी जुळायला टाइमकोड काही आकडे गाळतो. नसेल तर टाइमकोड घड्याळाच्या मागे पडतो, तासाला ३.६ सेकंद. पुढच्या कामाला सगळे कॅमेरे २५ वरच ठेवा.

हे सगळं पहिला कट मारायच्या आधी करा. बदल फक्त प्रोजेक्टमध्ये राहतो, मूळ फाइल तशीच असते. दुसऱ्याच्या मशीनवर काम पाठवताना प्रोजेक्टही सोबत द्या.