हिरड्यांतून रक्त येतंय? ब्रश थांबवू नका, कोन बदला

चूळ लालसर दिसली की बहुतेक जण तेवढा भाग सोडून दात घासू लागतात. करायला हवं ते नेमकं उलट. हिरडीच्या कडेला जंतूंचा थर बसलाय म्हणून ती सुजते आणि रक्त येतं. तो निघाला नाही तर सूजही जात नाही.

हा थर म्हणजे प्लाक. दात घासल्यावर काही तासांतच स्ट्रेप्टोकॉकस जातीचे जंतू दाताला चिकटतात, त्यांच्या आधाराने इतर येतात. थर जाडावला की तळाशी प्राणवायू पोचत नाही आणि पॉर्फिरोमोनस जिंजिव्हॅलिससारख्या, प्राणवायूशिवाय वाढणाऱ्या जंतूंचं फावतं. १९६५ साली डेन्मार्कमध्ये १२ निरोगी लोकांना दात घासणं बंद करायला लावलं, तेव्हा १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. सफाई परत सुरू केल्यावर त्या पूर्ववतही झाल्या.

ब्रश मऊच घ्या, पेस्ट मटाराच्या दाण्याएवढी. दात आणि हिरडी जिथे भेटतात तिथे ब्रशचे केस ४५ अंशांत टेकवा, टोकं हिरडीकडे. दोन-तीन दातांवर जागच्या जागी, बारीक हालचाल १०-१५ वेळा करा, मग पुढे सरका. पूर्ण तोंडाला किमान दोन मिनिटं. ब्रश पेनासारखा धरला की जोर आपोआप कमी होतो. महिन्याभरातच केस फिसकटत असतील तर तुम्ही रगडताय, आणि त्याने हिरडी दातावरून मागे सरकते. हमखास राहून जाणाऱ्या जागा दोन: खालच्या पुढच्या दातांची आतली बाजू आणि शेवटच्या दाढेची मागची बाजू.

दातांच्या फटीत ब्रश जातच नाही, आणि सूज बहुधा तिथूनच सुरू होते. रात्री साधारण ४५ सेंटीमीटर फ्लॉस (दातांच्या फटी साफ करायचा धागा) घेऊन दोन्ही मधल्या बोटांना गुंडाळा, पुढेमागे हलवत हळूच आत सोडा. खटकन दाबलात तर हिरडी कापेल. आत गेल्यावर एका दाताला लपेटून खालीवर करा, मग शेजारच्या दाताला. फट मोठी असेल तर फटीत जाणारा बारीक इंटरडेंटल ब्रश जास्त कामाचा.

पहिले काही दिवस रक्त येईल, येऊ द्या. दोन आठवड्यांत थांबलं नाही तर किटण असण्याची शक्यता मोठी. लाळेतल्या क्षारांनी कडक झालेला हा प्लाक घरी निघत नाही, स्केलिंगच, म्हणजे दंतवैद्याकडून तो खरवडून काढणंच, लागतं. ‘स्केलिंगने दात हलतात’ हे खरं नाही. हाड आधीच झिजलेलं असतं, किटणाचा टेकू गेल्यावर ते जाणवतं इतकंच.

माउथवॉशवर फार भिस्त नको, जमलेल्या थरात तो नीट शिरत नाही. डॉक्टरांनी ०.२ टक्के क्लोरहेक्सिडीन हे जंतुनाशक माउथवॉश दिलं असेल तर १० मिलिलिटर, दिवसातून दोनदा, ब्रशनंतर अर्ध्या तासाने, कारण पेस्टमधल्या फेसाच्या घटकाने त्याचा असर कमी होतो. सांगितलेल्या मुदतीपलीकडे वापरलं तर दातांवर तपकिरी डाग पडतात.

मिश्री, तंबाखू किंवा सिगारेट असेल तर रक्त येत नाही यावर विसंबू नका. तंबाखूने हिरडीतलं रक्त कमी दिसतं, आत हाड झिजत राहतं. अशांनी, तसंच मधुमेह असणाऱ्यांनी, दंतवैद्याकडून दात आणि हिरडी यांच्यामधल्या खाचेची खोली मोजून घ्यावी: ३ मिलिमीटरपर्यंत ठीक, ४ किंवा जास्त असेल तर तिथवर ब्रश पोचत नाही. पू येत असेल किंवा दात हलत असेल तर दोन आठवडे वाट बघत बसू नका.