रास्पबेरी पाय ५ वरील पंख्याचा वेग कसा नियंत्रित करावा

रास्पबेरी पाय ५ या एका पट्टीवरच्या छोट्या संगणकावर पंख्यासाठी चार पिनांचा स्वतंत्र कनेक्टर असतो. तो ४० पिनांची जीपीआयओ पट्टी (बाहेरची उपकरणे जोडण्याच्या पिना) आणि यूएसबी पोर्ट यांच्या मधल्या कोपऱ्यात सापडेल. दोन तारा विजेच्या, तिसरी वेग ठरवणारा पीडब्ल्यूएम (झपाट्याने चालू-बंद होणारा) सिग्नल नेणारी आणि चौथी पंख्याचे फेरे कळवणारी असते. दोनच तारांचा पंखा पाच व्होल्टच्या पिनवर जोडलेला असल्यास तो सतत पूर्ण वेगाने फिरतो आणि पुढील सूचना त्याला लागू पडत नाहीत.

मूळ सेटिंगनुसार पंखा ५० अंश सेल्सिअसला सुमारे ३० टक्के वेगाने सुरू होतो, ६० अंशांना ५० टक्के, ६७.५ अंशांना ७० टक्के आणि ७५ अंशांना पूर्ण वेग घेतो. प्रत्येक टप्पा पाच अंश खाली आल्यावरच मागे घेतला जातो, म्हणजे ५० ला सुरू झालेला पंखा ४५ ला थांबतो. कानाला खुपतो तो बहुधा वेग नव्हे, तर वारंवार होणारी ही सुरू-बंद. म्हणून वेगाआधी सुरू होण्याच्या आणि थांबण्याच्या तापमानातला हा फरक बदलावा.

प्रथम टर्मिनलमध्ये ‘व्हीसीजेनसीएमडी मेझर_टेम्प’ (vcgencmd measure_temp) ही आज्ञा देऊन निवांत असतानाचे आणि कामाच्या भरातले तापमान टिपून ठेवावे. मग बूट फोल्डरमधील फर्मवेअरच्या आत असलेल्या ‘कॉन्फिग.टीएक्सटी’ या फाइलची प्रत काढून ठेवावी आणि मूळ फाइल सुडो (प्रशासकाचे अधिकार देणारी आज्ञा) वापरून उघडावी. फाइलच्या शेवटी ‘ऑल’ या चौकटी कंसातील शीर्षकाखाली तीन ओळी लिहाव्यात. दुसऱ्या मॉडेलच्या शीर्षकाखाली लिहिल्यास त्या मुकाट्याने दुर्लक्षिल्या जातात.

डीटीपॅरम=फॅन_टेम्प०=५५०००
डीटीपॅरम=फॅन_टेम्प०_हिस्ट=१००००
डीटीपॅरम=फॅन_टेम्प०_स्पीड=७५

प्रत्यक्षात हे सारे रोमन लिपीतील लहान अक्षरांत आणि इंग्रजी अंकांतच टाइप करावे, उदाहरणार्थ दुसरी ओळ dtparam=fan_temp0_hyst=10000 अशी. तापमान अंशाच्या हजाराव्या भागात द्यायचे असते, त्यामुळे ५५ अंश म्हणजे ५५०००. दुसऱ्या ओळीतला फरक १० अंशांचा, म्हणजे ५५ ला सुरू झालेला पंखा ४५ ला थांबेल. एक शून्य गळले की पंखा साडेपाच अंशांवरच फिरू लागेल, म्हणजे कायमचाच. तिसऱ्या ओळीतल्या वेगाची मोजपट्टी ० ते २५५ अशी आहे, त्यामुळे ७५ म्हणजे सुमारे ३० टक्के. नागपूरच्या मे महिन्यात खोलीच चाळिशीला टेकलेली असताना पंखा ४५ अंशांपर्यंत उतरण्याची वाट पाहत बसेल, पण संथपणे अखंड फिरणारा पंखा धापा टाकणाऱ्या पंख्यापेक्षा बरा. ७५ अंशांच्या टप्प्याला मात्र हात लावू नये, कारण ८० अंशांपासून प्रोसेसर आपली गती स्वतःच कमी करू लागतो.

रीबूटनंतर जड काम चालवून पुन्हा तापमान पाहावे आणि ‘व्हीसीजेनसीएमडी गेट_थ्रॉटल्ड’ (vcgencmd get_throttled) ही आज्ञा द्यावी. उत्तर ‘०एक्स०’ (0x0) आल्यास बूट झाल्यापासून गती कुठेही कापली गेलेली नाही.