डेव्हिल्स लेकला निघण्याआधी

विस्कॉन्सिनमधलं हे तळ्याकाठचं स्टेट पार्क शिकागोहून गाडीने जेमतेम तीन-सव्वातीन तास, म्हणून ‘शनिवारी उठू आणि निघू’ असं सगळ्यांचं ठरतं. मग अकराला पोचून पार्किंगच्या रांगेत बसतात. तुम्ही सामान आदल्या रात्रीच गाडीत भरा. विस्कॉन्सिनच्या स्टेट पार्कात प्रत्येक गाडीला स्टिकर लागतो आणि इलिनॉयच्या नंबरप्लेटला तो महाग पडतो, हे हिशोबात धरा. मुक्काम करायचा असेल तर तंबूच्या जागा ११ महिने आधी आरक्षणाला खुल्या होतात, तेव्हा तो विषय यंदापुरता बहुधा संपलाच.

आपल्या लोकांचं खाण्याचं सामान चोख असतं, घोडं पेंड खातं ते बुटांपाशी. तळ्याच्या दोन्ही अंगांना सुमारे ५०० फूट उंचीचे कडे आहेत. सह्याद्री चढलेल्यांना हा आकडा ऐकून हसू येतं. पण बॅलन्स्ड रॉक या तोल सांभाळून उभ्या शिळेकडे जाणारी वाट म्हणजे उभ्या दगडी पायऱ्या, कड्याला कठडा नाही, आणि तो क्वार्टझाइटचा गुलाबी कातळ भिजला की काचेसारखा होतो. सँडल, फ्लोटर्स चालणार नाहीत. तळव्याला पकड असलेले बूटच हवेत. माणशी दोन लिटर पाणी खालूनच भरून घ्या. आजी-आजोबा असतील तर त्यांच्यासाठी टंबल्ड रॉक्सची सपाट वाट आहे, पाण्याच्या कडेकडेने जाणारी.

पोहायला जीवरक्षक नसतो, म्हणून मुलांची लाइफ जॅकेटं आणि बाहेर येताच अंग खसखसून पुसायला जादा टॉवेल घ्या. कारण पाण्यातल्या गोगलगायींमधल्या परजीवींमुळे अंगाला खाज सुटू शकते. गवतात गोचीड असते. लांब पँट घाला आणि संध्याकाळी मुलांचे गुडघ्यामागचे भाग, काखा, मान नीट बघा. होडी आणणार असाल तर वल्ही किंवा विजेची मोटर. पेट्रोलच्या इंजिनाला मनाई आहे.

सरपण मात्र घरून आणू नका. दहा मैलांपलीकडचं, प्रमाणित नसलेलं लाकूड पार्कात चालत नाही, कारण त्यातून अ‍ॅशची झाडं पोखरणारे किडे पसरतात. तिथेच जवळपास विकत मिळतं.

कचऱ्यासाठी चार मोठ्या पिशव्या ठेवा. आणि मुक्काम जमलाच, तर रात्री डबे गाडीतच. गेल्या वर्षी रकूनांनी आमचा बेसनलाडवांचा डबा झाकण उघडून संपवला; चिवड्याला मात्र तोंड लावलं नाही.