बिझनेसचं तिकीट काढलंत, पण सीट कुठली घेतलीत? या चुका टाळा

एसटीत कुठे बसायचं हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. चाकावरची सीट नको, शेवटचा बाक नको, ऊन कुठून येणार ते बघून खिडकी. साताऱ्यापर्यंतच्या अडीच-तीन तासांसाठी एवढा विचार करणारी हीच माणसं बिझनेस क्लासला लाखांनी पैसे मोजतात आणि चौदा तासांसाठी सिस्टिमने दिलेली सीट मुकाट्याने घेतात. मी पुण्यात कंपन्यांची आणि घरगुती प्रवाशांची परदेशाची तिकिटं काढते, त्याला आता १९ वर्षं झाली. चुका त्याच त्याच असतात. तिकीट महाग आहे म्हणून सगळ्या सीट सारख्याच चांगल्या असणार, या समजुतीतून त्यातल्या बहुतेक होतात.

विमान न बघता सीट निवडणं

मला रोज विचारतात, "ताई, कुठल्या एअरलाइनची बिझनेस चांगली?" या प्रश्नाला उत्तरच नाही. एकाच कंपनीची दोन विमानं आतून दोन वेगळ्या जगांतली असू शकतात. एअर इंडियाचंच घ्या. मूळ रचनेच्या ड्रीमलायनर ७८७-८ मध्ये बिझनेसच्या १८ सीट आहेत, एका रांगेत दोन-दोन-दोन अशा, म्हणजे डावीकडे दोन, मध्ये दोन, उजवीकडे दोन. जानेवारी २०२४ मध्ये सेवेत आलेल्या ए३५० मध्ये २८ आहेत, एक-दोन-एक अशा आणि प्रत्येकीला सरकतं दार. एमिरेट्सच्या ए३८० मध्ये वरच्या मजल्यावर एक-दोन-एक, आणि जुन्या रचनेच्या ७७७ मध्ये दोन-तीन-दोन. म्हणजे बिझनेसचे पैसे भरूनही दोन माणसांच्या मधली सीट वाट्याला येऊ शकते.

एक-दोन-एक लिहिलेलं असेल तर प्रत्येकाला थेट आयलमध्ये, म्हणजे ये-जा करायच्या वाटेत, पाय टाकता येतो. निम्मी लढाई तिथेच संपते. तिकीट घेण्याच्या आधी फ्लाइटच्या तपशिलात विमानाचा प्रकार लिहिलेला असतो, तो वाचायला अर्धा मिनिट लागतं. हे अर्धं मिनिट न देणाऱ्या माणसाला मी सीट सुचवतच नाही. आधी विमान सांगा, मग सीटचं बोलू.

आणि एअरलाइनच्या साइटवरच्या नकाशावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. त्यात सगळ्या सीट एकसारखे चौकोन असतात. खिडकी नेमकी कुठे आहे, टॉयलेटची भिंत किती लांब आहे, यातलं काही त्यात दिसत नाही. मी एरोलोपा या वेबसाइटवरचे नकाशे उघडते. ते मापात काढलेले असतात आणि खिडक्यासुद्धा जिथल्या तिथे दाखवतात. नाहीतर खिडकीची म्हणून घेतलेल्या सीटला शेजारी नुसतं प्लास्टिकचं पॅनल निघतं.

"आईला खिडकी द्या"

ही चूक माझ्या हातून झाली आहे, म्हणून सविस्तर सांगते.

बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. एक काकू लेकीच्या बाळंतपणासाठी एकट्या अमेरिकेला निघाल्या होत्या. वय ६८, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. आईला त्रास नको म्हणून जावयाने हौसेने बिझनेसचं तिकीट काढायला सांगितलं. लेकीचा फोन आला, "ताई, आईला खिडकी द्या, तिला आवडेल." मी दिली. विमान दोन-दोन-दोन रचनेचं होतं. पूर्ण सपाट होणारी सीट, जेवण चांगलं, माझ्या मते सगळं उत्तम. त्यांचा दुसरा टप्पा चौदा तासांचा होता.

पाच महिन्यांनी काकू परत आल्या, आणि मुद्दाम ऑफिसात आल्या. हातात चॉकलेटांचा डबा. रागावलेल्या मुळीच नव्हत्या. मी सहज विचारलं, "काकू, प्रवास कसा झाला?" त्या उठल्या. माझ्यासमोरच्या दोन खुर्च्या शेजारी-शेजारी लावल्या, बाहेरच्या खुर्चीपुढे कोपऱ्यातलं स्टूल आणून टेकवलं आणि म्हणाल्या, "हे बघ, मी इथे आत. हे गृहस्थ बाहेर. त्यांनी पलंग सपाट केला आणि तोंडावर पांघरूण घेऊन झोपले. त्यांचे पाय इथपर्यंत. आता मी कशी जाऊ?" मग साडी एका हाताने सावरत, दुसरा हात टेबलाला धरून, त्या स्टुलावरून पाय उचलायला लागल्या. गुडघा पुरता वाकत नव्हता. मी मध्येच त्यांना धरलं.

"एकदा गेले तशी," त्या म्हणाल्या. "दुसऱ्यांदा लाज वाटली गं त्यांना उठवायला. मग पाणीच प्यायले नाही."

जवळजवळ दहा तास. उतरल्या तेव्हा पाय सुजून चपलेत जात नव्हते. विमानातली हवा आधीच कोरडी, त्यात पाणी बंद आणि हालचाल बंद. पायात गुठळी व्हायला अशीच परिस्थिती कारण ठरते. काकूंना काही झालं नाही, हे नशीब. पण त्या दिवसानंतर मी सीट निवडण्याची पद्धत बदलली. आता कुठल्याही ज्येष्ठ प्रवाशाच्या घरच्यांना माझा पहिला प्रश्न असतो, "रात्री किती वेळा उठावं लागतं?" काहींना तो आगाऊपणा वाटतो. वाटू दे.

दोन-दोन-दोन असेल तर ज्याला उठावं लागतं त्याला आयल, हा माझा नियम. आई-वडील बरोबर असतील तर खिडकी आणि आयल त्यांनी आपापसात ठरवावी, निदान एकमेकांना उठवायला संकोच नसतो. एकटं कुणी जात असेल तर मधल्या जोडीतली आयलची सीट द्या. तिथल्या दोघांनाही आपापली आयल असते, त्यामुळे कुणीच कुणावरून जात नाही. खिडकी हवीच असेल तर एक-दोन-एक विमान शोधा, त्यासाठी वेळ बदलावी लागली तरी चालेल.

ही अडचण जुन्या रचनांमध्ये सगळीकडे होती. ब्रिटिश एअरवेजने २००० साली क्लब वर्ल्डमध्ये, म्हणजे त्यांच्या बिझनेस क्लासमध्ये, पूर्ण सपाट होणारी सीट आणली, तेव्हा बिझनेस क्लासमध्ये ती मोठी क्रांती होती. पण अर्धे प्रवासी उलट्या तोंडाने बसायचे आणि खिडकीवाल्याला बहुतेक रांगांमध्ये शेजाऱ्याच्या पायांवरूनच जावं लागायचं. २०१९ मध्ये त्यांनी क्लब सूट ही नवी सीट आणली, एक-दोन-एक आणि दारासकट, तेव्हा हा प्रश्न सुटला.

एक-दोन-एक दिसलं की डोळे मिटून "ए" (खिडकीची सीट) घेणं

एक-दोन-एकमध्येही फरक असतो. बऱ्याच विमानांत सीट एकाआड एक सरकवलेल्या असतात. एका रांगेत सीट खिडकीला लागून आणि टेबल आयलच्या बाजूला. पुढच्या रांगेत उलट, टेबल खिडकीकडे आणि तुम्ही आयलच्या काठावर. दोन्हींना नकाशात खिडकीचीच सीट म्हणतात. पहिलीत तुम्ही कोपऱ्यात निवांत. दुसरीत रात्रभर जाणाऱ्या-येणाऱ्याचं कोपर आणि ट्रॉली खांद्याजवळून. एमिरेट्सच्या ए३८० मध्ये अक्षरांवरूनच कळतं. ए आणि के खिडकीला लागून, बी आणि जे आयलकडे. मधल्या सीटमध्ये ई आणि एफ जवळजवळ, डी आणि जी लांब. युनायटेड एअरलाइन्सच्या पोलारिस या बिझनेस क्लासमध्ये खिडकीकडच्या खऱ्या सीट विषम आकड्यांच्या रांगांत आहेत.

अनोळखी माणसाशेजारी ई-एफमध्ये अडकलेले, आणि नवरा-बायको असून डी-जीमध्ये एकमेकांना हाका मारणारे, दोन्ही प्रकार मी नेहमी बघते.

पाय कुठे जाणार, ते न बघणं

सीट रुंद दिसते ती खांद्यापाशी. झोपल्यावर पाय समोरच्या सीटच्या पोटातल्या कोनाड्यात जातात, आणि तो कोनाडा अरुंद असतो. कुशीवर झोपणाऱ्याला आणि उंच माणसाला हे पहाटे तीनला कळतं, जेव्हा कूस बदलताना गुडघा वर अडकतो.

सिंगापूर एअरलाइन्सची लांब पल्ल्याच्या ए३५० मधली सीट अगदी प्रशस्त, पण तिची पाठ पुढे पाडून बिछाना करतात आणि पायांचा कोनाडा एका बाजूला असतो, म्हणजे तिरकं झोपावं लागतं. सिंगापूर ते न्यूयॉर्क अठरा तासांच्या आसपास लागतात, तेव्हा हा तिरकेपणा अंगात उतरतो. त्याच विमानात ज्या रांगांसमोर भिंत असते, तिथे पायांना पूर्ण रुंदीचा बाक मिळतो. नेहमीचे प्रवासी त्या रांगा सर्वात आधी उचलतात. त्यामुळे सहा फुटांचा माणूस असेल तर मी तिकीट काढतानाच सीट पक्की करते, उद्यावर ढकलत नाही.

पहिली रांग म्हणजे मान, ही समजूत

लग्नात पुढची रांग मानाची असते, विमानात तसं नसतं. भिंतीसमोर पाय पसरायला जागा मिळते हे खरं, पण बाळाचा पाळणाही त्याच भिंतीला लावतात. टेकऑफ-लँडिंगला हातातली पर्ससुद्धा वरच्या कप्प्यात टाकावी लागते. आणि बऱ्याच विमानांत पहिल्या रांगेच्या पुढे गॅली (विमानातलं स्वयंपाकघर) किंवा टॉयलेट असतं. ट्रॉल्यांचे खटके, कपाटांचे आवाज, पडदा सरकला की थेट डोळ्यांवर उजेड.

म्हणून माझी सवय अशी: गॅली आणि टॉयलेटपासून दोन रांगा सोडून, शक्यतो पंखाच्या पुढे. इंजिनाच्या पुढे आवाज कमी असतो. दोन दरवाजांच्या मध्ये दोन-तीन रांगांचा छोटा कप्पा असेल तर तो मोहात पाडतो, पण त्याच्या दोन्ही टोकांना काय आहे ते आधी बघते.

शेवटची रांग टॉयलेटला लागून असेल तर नको. यावर चर्चा नको.

एकदा सीट घेतली की काम संपलं, असं समजणं

नव्याने प्रवास करणाऱ्यांची ही सर्वात महागात पडणारी घाई. सीट घेतली, स्क्रीनशॉट काढला, विषय मिटला. पण एअरलाइन विमान बदलते. तांत्रिक कारणाने, गर्दी कमी-जास्त झाल्याने, हंगाम बदलल्याने. मग तुमची ३ए तीच राहते, पण नव्या विमानात ती वेगळ्याच ठिकाणी असते. कधी सीट नकाशातून गायबच होते.

माझा एक क्लायंट जर्मनीला वर्षातून पाच-सहा वेळा जातो. एकदा त्याच्यासाठी मी एकट्याची, दोन्ही बाजूंना टेबल असलेली सीट जास्तीचे पैसे भरून घेतली होती. आठवडाभराने सहज बघितलं तर विमान बदललेलं, आणि तो टॉयलेटच्या दारासमोर. ईमेल नाही, मेसेज नाही. फोनवर पाऊण तास बोलून सीट हलवली आणि भरलेले पैसे परत मागितले. मी बघितलं नसतं तर त्याला ते विमानात शिरल्यावर कळलं असतं.

म्हणून मी तीनदा बघते. तिकीट काढल्यावर, निघायच्या आठ दिवस आधी, आणि चेक-इन उघडल्या उघडल्या. बहुतेक कंपन्यांचं ऑनलाइन चेक-इन २४ तास आधी किंवा त्याहून थोडं आधी उघडतं, काहींचं ४८ तास आधी. त्या वेळी अडवून ठेवलेल्या सीट मोकळ्या होतात आणि चांगल्या जागा पुन्हा दिसायला लागतात. सर्वात चांगली सीट आधी जास्तीचे पैसे घेऊन विकायची पद्धतही आहे. स्विसच्या अशा एकट्याच्या सीटला पैसे पडतात, ब्रिटिश एअरवेजमध्ये बिझनेसलाही आगाऊ सीटचे पैसे असतात. रात्रीचा लांब प्रवास असेल तर ते भरावेत. दिवसाचा असेल तर चेक-इनपर्यंत थांबलात तरी चालतं.

एकेका ओळीच्या चुका

मुंबईहून लंडनला दिवसा जाताना ऊन डावीकडून येतं, झोपायचं असेल तर उजवी बाजू घ्या. ७८७ मध्ये खिडकीला शटर नसून काच बटणाने गडद होते, आणि पूर्ण काळोख होत नाही, म्हणून डोळ्यांवरची पट्टी बरोबर ठेवा.

उलट्या तोंडाच्या सीटवर टेकऑफच्या वेळी पट्ट्यात पुढे लोंबल्यासारखं होतं. मळमळ होणाऱ्याने ती टाळावी.

शाकाहारी असाल तर सीटबरोबर जेवणही आधी लावा. हिंदू शाकाहारीचा कोड एव्हीएमएल, जैनचा व्हीजेएमएल. मागच्या रांगांपर्यंत ट्रॉली पोचेतो शाकाहारी संपलेलं मी अनेकदा ऐकलं आहे.

चार जणांचं कुटुंब असेल तर कतार एअरवेजच्या क्यूसूट या बिझनेसच्या सीटमध्ये मधल्या चार सीट एकत्र करून बसता येतं. पण कतारच्या सगळ्या विमानांत क्यूसूट नाही, म्हणजे पुन्हा आधी विमान बघा.

वाईट सीट मिळालीच तर

चेक-इन काउंटरवर विचारा, मग गेटवर पुन्हा विचारा. ऐनवेळी न आलेल्या प्रवाशांच्या सीट गेटवरच्या माणसाला दिसतात. विमानात शिरल्यावर स्वतःहून जाऊन बसू नका. दारं बंद झाल्यावर क्रूला नीट सांगा, "आईचा गुडघा दुखतो, आयलची एखादी सीट मोकळी आहे का?" कारण सांगून मागितलं की ते मनापासून शोधतात. आणि आत अडकलातच, तर शेजाऱ्याशी जेवणाच्या वेळीच बोलून घ्या. "मला रात्री दोनदा उठावं लागेल, तुम्हाला हाक मारली तर चालेल ना?" काकूंना हे वाक्य मी निघताना सांगितलं नव्हतं. आता प्रत्येक ज्येष्ठ प्रवाशाच्या तिकिटाच्या पाकिटावर ते मराठीत आणि खाली देवनागरीतच इंग्रजीत लिहून देते.