जास्त वजनाच्या पायलटने कमी खर्चात पॅराग्लायडर घेताना या चुका टाळा

शंभर किलोच्या पुढे वजन असलेल्या पायलटला वापरलेली विंग, म्हणजे पॅराग्लायडरचा कापडी पंख, शोधताना पहिली अडचण येते ती मापाची. मोठ्या मापाच्या विंग विक्रीला कमी येतात आणि एखादी स्वस्तात दिसली की ती हातची जाईल या भीतीने तडजोडी होतात.

सर्वांत जास्त आढळणारी चूक म्हणजे विंगच्या लेबलवरील वजनमर्यादा आपल्या शरीराच्या वजनाशी ताडून पाहणे. ती मर्यादा एकूण उड्डाणवजनाची असते आणि त्यात विंगचे स्वतःचे वजनही धरलेले असते. समजा, तुमचे वजन 104 किलो आहे. हार्नेसचे (पायलट बसतो त्या पट्ट्यांच्या आसनाचे) 5, विंगचे 6, रिझर्व्हचे (आणीबाणीच्या पॅराशूटचे) अडीच आणि हेल्मेट, बूट, कपडे, रेडिओ, पाणी यांचे 4 किलो मिळवले की बेरीज 121.5 होते. लेबलवर 95 ते 115 असे लिहिलेली विंग पाहताक्षणी पुरेशी वाटली, तरी प्रत्यक्षात तुम्ही साडेसहा किलोंनी बाहेर असता. म्हणून सगळे सामान अंगावर चढवून, विंगची पिशवी हातात घेऊन वजनकाट्यावर उभे राहा आणि तोच आकडा धरून शोध सुरू करा. एल, एक्सएल या अक्षरांवर विसंबू नका, कारण प्रत्येक उत्पादकाचे माप वेगळे असते.

"चार-पाच किलो जास्त झाले तर विंग काही फाटत नाही," असे म्हटले जाते आणि तेवढ्यापुरते ते खरेही आहे, कारण ईएन 926-1 या युरोपीय मानकाच्या चाचणीत विंगला कमाल वजनाच्या आठपट भार सहन करावा लागतो. धोका वेगळाच आहे. ए (सर्वांत सोपी विंग) ते डी (सर्वांत अवघड) हे वर्ग ठरवणारी उड्डाणचाचणी वजनमर्यादेच्या दोन्ही टोकांवर घेतली जाते. त्या टोकापलीकडे विंग कोलॅप्सनंतर (हवेत तिचा भाग दुमडल्यावर) कशी वागेल, हे कोणीही तपासलेले नसते. वजन दहा टक्के वाढले की वेग सुमारे पाच टक्के वाढतो, विंग झपाट्याने वळते, जास्त उंची गमावते आणि वारा पडलेल्या दिवशी लँडिंगचा सगळा भार गुडघ्यांवर येतो.

मोठे माप मिळत नाही म्हणून सी वर्गाची विंग घेणे मला कधीच पटलेले नाही. ए किंवा सोप्या बी वर्गातील विंगसाठी काही महिने थांबावे. टँडेम (दोघांसाठीची) विंग एकट्याने उडवण्याचा विचारही सोडून द्यावा. 120 किलोंवर ती बहुधा मर्यादेच्या तळाशी किंवा तिच्याही खाली असते, त्यामुळे संथ आणि सुस्त वागते आणि वारा वाढला की पुढे सरकत नाही.

वापरलेल्या विंगचा अलीकडचा तपासणी अहवाल मागा. त्यात कापडातून हवा किती झिरपते, लाइन्सची (विंगला हार्नेसशी जोडणाऱ्या दोऱ्यांची) लांबी किती बदलली आहे आणि त्यांची ताकद किती उरली आहे, हे दिलेले असले पाहिजे. मागच्या लाइन्स आखडल्या असतील तर विंग संथ होते आणि स्टॉलच्या, म्हणजे वेग फार कमी होऊन उचल नाहीशी होण्याच्या, जवळ जाते.

सगळे पैसे विंगवर संपवून जुनेच रिझर्व्ह ठेवणे ही चूक मला सर्वांत जास्त खटकते. ईएन 12491 नुसार कमाल वजनाला रिझर्व्ह सेकंदाला साडेपाच मीटरपेक्षा वेगाने खाली येता कामा नये. हा वेग साधारण दीड मीटरवरून उडी मारण्याइतका असतो. 100 किलोंसाठीच्या अशा रिझर्व्हवर 122 किलो लटकले तर तीच उडी जवळजवळ 1.9 मीटरची होते. त्यामुळे विंग एक-दोन वर्षे आणखी जुनी चालेल, पण रिझर्व्ह आणि हार्नेस तुमच्या पूर्ण वजनाला पुरणारेच घ्या.