न बोललेले ओळखावे कसे

घरातल्या माणसाचे मन त्याच्या शब्दांआधी वागण्यातून कळते, असा आपल्या सर्वांचा अनुभव असतो. परंतु त्याच अनुभवाच्या भरवशावर आपण घाईने अर्थ लावतो आणि नात्यांतले पुष्कळसे गैरसमज तिथेच सुरू होतात. म्हणून सुरुवात हावभावांच्या ठरीव अर्थांपासून न करता त्या व्यक्तीच्या नेहमीच्या रीतीपासून करावी.

इंदूरच्या घरांत सकाळी पोह्यांची बशी समोर आली की कोणी आधी वरून भुरभुरायचा जिरवण मसाला मागतो, कोणी वर्तमानपत्रातून मान वर न काढता खातो, तर कोणी घासागणिक सगळ्यांशी बोलतो. यांतला गप्प राहणारा माणूस रागावलेलाच असतो असे नाही. पण रोज बोलणारी सून लागोपाठ काही दिवस खाली मान घालून बशी संपवू लागली, तर त्या बदलाची दखल घ्यायला हवी. तेव्हाही एकाच खुणेवर विसंबू नये. हाताची घडी थंडीमुळेही घातलेली असते आणि कपाळावरची आठी डोकेदुखीचीही असू शकते. आवाज, नजर, बसण्याची ढब आणि हालचालींचा वेग यांपैकी दोन-तीन गोष्टी एकाच वेळी बदलल्या आहेत का, हे पाहावे.

नेमके कशाकडे पाहायचे, यासाठी आपल्याकडे फार जुनी वाट आहे. नाट्यकलेवरच्या ‘नाट्यशास्त्र’ या प्राचीन ग्रंथात अभिनयाचे आंगिक (शरीराच्या हालचालींचा), वाचिक (वाणीचा), आहार्य (वेशभूषेचा) आणि सात्त्विक (मनातल्या भावामुळे शरीरावर उमटणारा) असे चार प्रकार सांगितले आहेत आणि त्यांतला सात्त्विक प्रकार घरातही सर्वांत उपयोगी पडतो, असे मला वाटते. अश्रू, घाम, कंप, बदललेला स्वर, उतरलेला चेहरा ही सात्त्विक भावांची लक्षणे मुद्दाम आणणे जितके कठीण, तितकेच ती लपवणेही कठीण असते. ओठांवर हसू आणून कोणी ‘काही नाही’ म्हणाले आणि स्वर मात्र दाटलेला असला, तर स्वराला अधिक महत्त्व द्यावे. पुण्याला किंवा बंगळुरूला नोकरी करणाऱ्या मुलाच्या फोनवर तर चेहरा दिसतच नाही. तिथे उत्तरापूर्वीचा विराम आणि बोलण्याचा मंदावलेला वेग ऐकावा. आपल्या इंदूरच्या मराठी घरांत आणखी एक खूण आढळते: एरवी मराठीत बोलणारा माणूस वाद सुरू होताच एकदम हिंदीवर येतो आणि त्यातही ‘आप’ म्हणू लागतो. शब्द कितीही नम्र असले तरी त्याने मधले अंतर वाढवलेले असते.

संवादात शब्दांचा वाटा केवळ ७ टक्के असतो, असे सर्रास सांगितले जाते. ते खरे मानू नये. हा आकडा ज्यांतून आला, ते मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट मेहराबियन यांचे १९६७ सालचे प्रयोग सुटे शब्द, स्वर आणि चेहरा यांत विसंगती असताना ऐकणारा आवड-नावड कशी ताडतो, एवढ्यापुरतेच होते. खोटे पकडण्याच्या बाबतीत तर अधिकच सावध राहावे. मानसशास्त्रज्ञ चार्ल्स बाँड आणि बेला डीपॉलो यांनी २००६ साली अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले, तेव्हा माणसे खरे-खोटे सरासरी ५४ टक्के वेळाच अचूक ओळखतात, असे दिसले. त्यामुळे नजर चुकवली एवढ्यावरून मुलाला खोटारडे ठरवणे हा त्याच्यावर अन्याय आहे, विशेषतः वडीलधाऱ्यांपुढे नजर खाली ठेवावी असे आपणच त्याला शिकवलेले असताना.

ज्येष्ठांच्या बाबतीत एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. आजोबांचा चेहरा हळूहळू निर्विकार होत गेला आणि आवाज बारीक झाला, तर त्यांना आता कशातच रस उरलेला नाही असे समजू नये. पार्किन्सन्सच्या आजारात चेहऱ्याचे स्नायू मंदावतात आणि आतली माया तशीच असूनही ती चेहऱ्यावर उमटत नाही. हाक मारल्यावर लक्ष न देणे हे ऐकू कमी येत असल्यामुळेही असते. अशा वेळी रुसण्याऐवजी डॉक्टरांना दाखवावे.

एवढे पाहून झाले की शेवटी विचारावेच लागते, कारण खूण फक्त शंका देते आणि उत्तर त्या माणसाकडेच असते. विचारताना आपण काढलेला निष्कर्ष नव्हे, तर आपल्याला जे दिसले ते सांगावे. ‘तू माझ्यावर रागावली आहेस ना?’ या प्रश्नात आरोप आहे; ‘दोन दिवस तू जेवताना बोलत नाहीस, काही झालंय का?’ या प्रश्नात उत्तराला जागा आहे. चारचौघांत विचारू नये. समोरासमोर बसवून विचारण्यापेक्षा जेवणानंतर फिरायला जाताना, बाजूने चालत विचारलेले पुष्कळांना सोपे जाते, कारण नजरेला नजर द्यावी लागत नाही. मोबाईल खिशात ठेवावा आणि उत्तर येईपर्यंतची शांतता आपल्या शब्दांनी भरू नये. ‘काही नाही’ असे उत्तर आले तर ते त्या दिवसापुरते मान्य करावे आणि खुणा तशाच राहिल्या तर दोन-चार दिवसांनी, त्याच स्वरात, पुन्हा विचारावे.